पाळी संपली की पॅड चढवायचे : न्यूयॉर्कच्या पोलीस-अग्निशमन फुटबॉलची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा खेळ बहुतेक खेळाडूंच्या आयुष्यातून शाळेच्या शेवटच्या हंगामातल्या एखाद्या शुक्रवारी रात्रीच संपतो. अमेरिकेत शालेय पातळीवर दहा लाखांच्या आसपास मुले हा खेळ खेळतात आणि त्यांतली शंभरातली सातएकच पुढे महाविद्यालयीन संघात जातात. त्यानंतरची व्यावसायिक पायरी म्हणजे एनएफएल, आणि तिथे ३२ संघांत प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे साऱ्या देशात मिळून १,६९६ जागा. आपल्याकडे चाळिशीचा कारकून रविवारी सकाळी टेनिसचा चेंडू घेऊन मैदानावर जातो आणि स्वतःला क्रिकेटपटू म्हणवून घेतो. ती सोय या खेळाला नाही. त्याला हेल्मेट आणि खांद्याचे पॅड लागतात, आखलेले मैदान लागते, पंच लागतात, मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभी करावी लागते, आणि मुख्य म्हणजे अंगावर धडकायला राजी असलेले आणखी एकवीस जण लागतात. अठराव्या किंवा बाविसाव्या वर्षी ही सगळी जुळवाजुळव संपली की खेळही संपतो.

मात्र अमेरिकेतल्या पोलीस आणि अग्निशमन दलांत तो संपलेला नाही. तिथे तिशीतले, क्वचित चाळिशीतले हवालदार आणि अग्निशामक पूर्ण पोशाखात, महाविद्यालयीन नियमांनुसार हा खेळ खेळतात. असे संघ बँकेत, टपाल खात्यात किंवा रुग्णालयात उभे राहिले नाहीत, याच दोन खात्यांत राहिले. असे का, याचे उत्तर फुटबॉलच्या इतिहासात शोधले तर फारसे हाती लागत नाही. ते नोकरीच्या पाळ्यांच्या आणि दोन खात्यांमधल्या जुन्या चुरशीच्या इतिहासात अधिक सापडते.

या चुरशीचे मूळ पगारी दलांच्याही आधीचे आहे. न्यूयॉर्कमध्ये १८६५ पर्यंत आग विझवण्याचे काम स्वयंसेवकांच्या तुकड्या करत. प्रत्येक तुकडीचा बंब वेगळा, रंग वेगळा, बोधचिन्ह वेगळे. आगीकडे जाताना दोन तुकड्यांत शर्यत लागे, आणि पाण्याच्या जागेवर आधी कोण पोहोचले यावरून हाणामारी होई, तोवर घर जळत राही. या तुकड्या म्हणजे तरुण पुरुषांचे क्लबच होते, आणि त्यांतून खेळ जन्माला येणे स्वाभाविक होते. १८४५ मध्ये ज्या निकरबॉकर क्लबाने बेसबॉलचे नियम लिहून काढले, त्याचा एक संस्थापक अलेक्झांडर कार्टराइट हा स्वयंसेवक अग्निशामक होता आणि क्लबाचे नाव त्याच्या निकरबॉकर नावाच्या बंब-तुकडीवरून आले, असे मानले जाते. पगारी दल आल्यावर स्वयंसेवक गेले, तरी तुकडीचा अभिमान बंबघरातच राहिला.

पोलिसांची वाट वेगळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पोलीस दलात आयर्लंडहून आलेल्या धिप्पाड माणसांचा भरणा होता, आणि त्यांच्यातले काही जगातले सर्वोत्तम फेकपटू होते. मार्टिन शेरिडनने १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीचे सुवर्ण मिळवले. मॅट मॅकग्रा १९१२ मध्ये हातोडाफेकीत पहिला आला. पॅट मॅकडॉनल्ड टाइम्स स्क्वेअरच्या चौकात वाहतूक नियंत्रित करायचा. १९१२ मध्ये त्याने गोळाफेक जिंकली आणि १९२० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ५६ पौंडी वजन फेकण्याच्या स्पर्धेतही सुवर्ण पटकावले. रस्त्यावर उभ्या असलेल्या ज्या शिपायाचा हात वर गेला की गाड्या थांबत, तो ऑलिंपिक विजेता असे, ही गोष्ट आज वाचताना गंमत वाटते. ब्रिटनमध्येही हेच चित्र होते : १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचेची तिन्ही पदके लंडन आणि लिव्हरपूलच्या पोलीस संघांनी वाटून घेतली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. आपल्याकडेही तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या विजय चौधरींना पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. आधी आखाडा आणि मग गणवेश असा हा क्रम आहे. आपण ज्या फुटबॉल संघांविषयी बोलत आहोत, त्यांच्यात तो क्रम उलटा आहे. इथे माणूस आधी परीक्षा देऊन, प्रशिक्षण घेऊन नोकरीत शिरतो, आणि शाळेत किंवा महाविद्यालयात सुटलेला खेळ त्याला नोकरीत पुन्हा सापडतो. त्या खेळाबद्दल त्याला बढती मिळत नाही आणि पगारही वाढत नाही. उलट बहुतेक संघांत वर्गणी आणि साहित्याचा खर्च खेळाडूच्याच खिशातून जातो.

आता पाळ्यांकडे वळू. पगारी दलांच्या पहिल्या काही दशकांत अग्निशामक जवळजवळ चोवीस तास बंबघरातच राहत असे. जेवणासाठी घरी जायला मिळणारे काही तास आणि महिन्यातल्या मोजक्या सुट्ट्या एवढेच त्याचे खासगी आयुष्य होते. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अनेक शहरांनी दुहेरी पाळीची पद्धत स्वीकारली. १९३० च्या दशकात शिकागोचे महापौर एडवर्ड केली यांनी अग्निशामकांना पाळ्यांच्या क्रमात जादा सुट्टीचा दिवस दिला, आणि आजही अमेरिकेतल्या कितीतरी बंबघरांत अशा सुट्टीला ‘केली डे’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये दिवसपाळी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आणि रात्रपाळी संध्याकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी नऊ अशी बसली. वरिष्ठाच्या परवानगीने दोन जवान आपापल्या पाळ्यांची अदलाबदल करू शकतात. या अदलाबदलीला तिथल्या बोलीत ‘म्युच्युअल’ म्हणतात. एक नऊ तासांची आणि एक पंधरा तासांची पाळी जोडून चोवीस तासांची सलग ड्यूटी केली, तर मागाहून सलग मोकळे दिवस हाती येतात.

कार्यालयात नऊ ते पाच बसणाऱ्या माणसाला मंगळवारी सकाळी अकरा वाजता सरावाला जाता येत नाही, अग्निशामकाला येते. त्यातही बंबघर ही एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवण्याची जागा आहे, त्यामुळे संघ बांधायला लागणारी निम्मी कामे आधीच झालेली असतात. पोलिसाचे वेळापत्रक याहून विस्कळीत असते. आठवड्यागणिक फिरणाऱ्या पाळ्या, न्यायालयात साक्षीच्या तारखा, मोर्चे आणि मिरवणुकांचे बंदोबस्त. माझ्या मते, दोन्ही खात्यांचे संघ एकाच काळात उभे राहिले तरी संघ टिकवण्याचे काम पोलिसांना नेहमीच जड गेले असणार.

हे संघ उभे राहिले तो काळ न्यूयॉर्कच्या दृष्टीने वाईट होता. दोन्ही खात्यांतला वार्षिक फुटबॉल सामना १९७३ पासून सुरू झाला आणि त्याला ‘फन सिटी बोल’ हे नाव मिळाले (मानाच्या फुटबॉल सामन्याला तिथे ‘बोल’ म्हणतात). ‘फन सिटी’ हा शब्द महापौर जॉन लिंडसे यांच्या तोंडचा : १ जानेवारी १९६६ ला, त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी, भुयारी रेल्वे आणि बसच्या कामगारांनी संप केला, आणि सारे शहर पायी चालत असताना महापौरांनी हे अजूनही मजेचे शहर असल्याचे म्हटले. वृत्तपत्रांनी तो शब्द उपरोधाने उचलला आणि पुढे तो उपरोधासकट रूढ झाला. सामन्याच्या नावात तो आला तेव्हा शहराची मजा बरीच ओसरली होती. १९७१ च्या जानेवारीत पोलिसांनी वेतनाच्या वादावरून पाच दिवस नेहमीची गस्त बंद ठेवली होती. १९७३ च्या नोव्हेंबरात अग्निशामकांनी साडेपाच तासांचा संप केला. ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत होत्या. १९७५ च्या उन्हाळ्यात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि पाच हजारांच्या आसपास पोलिसांना व शेकडो अग्निशामकांना घरी बसवण्यात आले. तेव्हा त्यांच्या संघटनांनी पर्यटकांसाठी एक पत्रक छापले, ज्याच्या मुखपृष्ठावर कवटी होती आणि मथळा होता ‘वेलकम टू फिअर सिटी’. फन सिटीचा सामना खेळणारी आणि फिअर सिटीचे पत्रक काढणारी खाती एकच होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

या दोन खात्यांमधली चुरस निव्वळ खेळीमेळीची कधीच नव्हती. पोलिसाचा पगार आणि अग्निशामकाचा पगार बरोबरीने असावा की नसावा, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याहून खोल वाद कामाच्या हद्दीचा होता. अग्निशमन दलाची ‘रेस्क्यू १’ ही खास बचाव तुकडी १९१५ मध्ये स्थापन झाली. पोलिसांनी १९३० मध्ये आपली आणीबाणी सेवा उभी केली. गाडीत अडकलेल्या माणसाला पत्रा कापून बाहेर काढायचे काम कोणाचे, यावर दोन्ही तुकड्या एकाच अपघातस्थळी हमरीतुमरीवर आल्याचे प्रसंग शहराने पाहिले आहेत. न्यूयॉर्ककर पोलिसांना ‘फायनेस्ट’ म्हणतात आणि अग्निशामकांना ‘ब्रेव्हेस्ट’. सफाई कामगारांना ‘स्ट्राँगेस्ट’ आणि तुरुंग कर्मचाऱ्यांना ‘बोल्डेस्ट’. ही बिरुदे कौतुकाची आहेत, तशीच एकमेकांना खिजवायचीही. फुटबॉल संघांनी ती जर्सीवर चढवली, एवढेच.

सामन्यांतून जमणारा पैसा मुख्यतः कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि इतर मदतनिधींसाठी जातो, आणि यालाही इतिहास आहे. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलीस किंवा अग्निशामकाच्या कुटुंबाला संघराज्य सरकारकडून ठरावीक रक्कम देणारा कायदा थेट १९७६ मध्ये झाला, आणि तेव्हा ती रक्कम ५०,००० डॉलर होती. त्याआधी विधवा आणि अनाथ मुलांचा भार निवृत्तिवेतनाबरोबरच खात्यातल्या मदतनिधींवर, म्हणजे वर्गणीवर आणि तिकिटे विकून भरवलेल्या कार्यक्रमांवर होता. फुटबॉलचा सामना हा त्याच परंपरेतला नवा कार्यक्रम.

न्यूयॉर्कबाहेर, विशेषतः कॅलिफोर्नियात, असेच संघ तयार होत गेले. लॉस एंजेलिसचे सेंच्युरियन्स, सॅन डिएगोचे एन्फोर्सर्स, ऑरेंज काउंटीचे लॉमेन ही त्यांतली ठळक नावे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात पोलिसांच्या स्वतंत्र ऑलिंपिकची कल्पना रुजली होती, तिचेच पुढे १९८५ मध्ये सॅन होजे येथे जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धांत रूपांतर झाले. या स्पर्धांचे २०२९ चे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. फुटबॉल संघांनी मात्र आपली वेगळी चूल मांडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशनल पब्लिक सेफ्टी फुटबॉल लीग स्थापन झाली आणि विखुरलेल्या शहरी संघांना आंतरशहरी वेळापत्रक मिळाले. व्यावसायिक आणि महाविद्यालयीन हंगाम शरद ऋतूत असतो. या लीगने वसंत ऋतू घेतला, जेव्हा मैदानेही मोकळी असतात आणि प्रेक्षकही.

मग ११ सप्टेंबर २००१ आला. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३, शहर पोलिसांचे २३ आणि बंदर प्राधिकरणाच्या पोलिसांचे ३७ जण त्या सकाळी मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलाच्या फुटबॉल संघाचे अनेक आजी-माजी खेळाडू त्यांत होते. अगदी सुरुवातीला प्राण गमावलेल्या जवानांपैकी एक ब्रुकलिनच्या २१६ क्रमांकाच्या बंबावरचा, या संघात खेळणारा. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्याकडे चालत जाताना वरून पडणारी एक व्यक्ती त्याच्या अंगावर आदळली. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला उचलून रुग्णवाहिकेकडे नेले, आणि त्या धावपळीमुळे मनोरा कोसळला तेव्हा ते सहकारी त्याच्या आत नव्हते.

त्यानंतर बाराव्या दिवशी, २३ सप्टेंबरला, बोस्टनजवळच्या फॉक्सबरो येथे पेट्रियट्स आणि न्यूयॉर्क जेट्स या एनएफएल संघांचा सामना झाला. पेट्रियट्सचा लाइनमन, म्हणजे धडक झेलणाऱ्या फळीतला खेळाडू, जो अँड्रुझी दोन्ही हातांत अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत मैदानात उतरला. त्याचे तीन भाऊ न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात होते, त्यांतला एक जिमी उत्तर मनोऱ्यातून निसटून आला होता, आणि वडील बिल हे निवृत्त पोलीस. नाणेफेकीला हे सारे कुटुंब मैदानाच्या मध्यभागी उभे होते. क्रीडाप्रेमींना हा सामना आठवतो तो पेट्रियट्सचा प्रमुख खेळाडू ड्र्यू ब्लेडसो जखमी होऊन त्याच्या जागी, पुढे या खेळातला महान खेळाडू ठरलेला टॉम ब्रेडी मैदानात आला म्हणून. पण फुटबॉल, पोलीस आणि बंब या तिन्ही गोष्टी न्यूयॉर्कच्या एकाच घरात कशा नांदतात, हे दाखवणारे याहून नेमके दृश्य मला तरी माहीत नाही.

त्या दुःखाने दोन खात्यांतली चुरस मिटली, असे मात्र कोणी समजू नये. २ नोव्हेंबर २००१ ला, अवशेषांत शोध घेणाऱ्या अग्निशामकांची संख्या कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध निदर्शने करणारे जवान आणि पोलीस यांच्यात घटनास्थळीच धक्काबुक्की झाली आणि अनेक अग्निशामकांना अटकही झाली. दोन्ही खात्यांचे रेडिओ एकमेकांशी बोलू शकत नव्हते, ही उणीवही त्या सकाळी उघड झाली होती. बर्फावरच्या हॉकीतही हे वैर दिसते : २०१४ च्या एप्रिलमध्ये नॅसाउ कॉलिझियममध्ये मदतनिधीसाठी भरलेल्या सामन्यात दोन्ही संघांची राखीव बाके रिकामी होऊन खेळाडू भिडले, आणि पंचांना बराच वेळ त्यांना आवरावे लागले.

नंतरच्या वर्षांत या खेळाला मेंदूच्या दुखापतींचा प्रश्न भेडसावू लागला. २००५ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या माजी व्यावसायिक खेळाडूच्या मेंदूवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांकडे पाहण्याची नजर बदलली. गणवेशातल्या खेळाडूसाठी प्रश्न आणखी रोखठोक असतो : मैदानावर मोडलेले मनगट सामान्यतः कर्तव्यावर झालेली दुखापत मानले जात नाही, आणि शिडी चढू न शकणारा अग्निशामक किंवा पिस्तूल धरू न शकणारा पोलीस बरा होईपर्यंत टेबलाशी बसतो.

सामन्याच्या दिवशीही बंबघर बंद नसते. मैदानात उतरलेल्या प्रत्येक जवानाच्या जागी त्याची पाळी करणारा कोणीतरी बंबावर बसलेला असतो, आणि ती पाळी फेडायची असते. म्हणून वसंतातल्या शनिवारी खेळलेल्या सामन्याचा हिशेब कधी जुलैच्या उकाड्यातल्या रात्रपाळीत पुरा होतो, तर कधी नाताळच्या दिवशी.