शेतातला देश आणि पत्री सरकार

ऑस्ट्रेलियातल्या एका गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं स्वतःच्या रानालाच देश जाहीर केलं होतं, हे पारावर सांगितलं तर एकजण पटकन म्हणाला, "म्हणजे आपलं पत्री सरकारच की!" इंग्रजांच्या राज्यात इथल्या लोकांनी समांतर चालवलेलं प्रतिसरकार, त्यालाच पत्री सरकार म्हणतात, त्यामुळं सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे सुचणारच. तरीही ही गल्लत मला सलते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तो शेतकरी. लिओनार्ड कॅस्ली. १९६९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं गव्हाच्या विक्रीवर कोटा घातला आणि त्यांच्या वाट्याला फारच थोडा गहू आला. दाद लागेना, तेव्हा २१ एप्रिल १९७० रोजी त्यांनी आपली सुमारे ७५ चौरस किलोमीटर जमीन ‘हट रिव्हर’ नावानं वेगळी झाल्याचं जाहीर केलं. पुढं स्वतः ‘प्रिन्स’ झाले. नाणी, तिकिटं, पासपोर्ट सगळं काढलं. गाऱ्हाणं खरं होतं, पण त्या देशाला जगातल्या एकाही देशानं मान्यता दिली नाही.

का नाही दिली, हे आपल्या सातबाऱ्यावरूनच कळतं. उताऱ्यावर नाव लागलं की रान आपलं. विकता येतं, वाटणी होते, सोसायटीचा बोजा चढतो. पण त्यावर शब्द कोणता असतो? भोगवटादार, म्हणजे जमीन ताब्यात असलेला. शेजारीच आकारणी लिहिलेली असते, आणि धरणाला रान लागलं तर सरकार भूसंपादन करतं. जमिनीची मालकी टिकते ती राज्याच्या कायद्यावर, राज्याच्याच दप्तरात. त्या मालकीच्या जोरावर त्याच राज्याला नाकारता येत नाही. कॅस्लींच्या घराण्यावर कराची थकबाकी चढत गेली, कोर्टानं ती भरायला सांगितली, आणि २०२० मध्ये जमीन विकायची वेळ आल्यावर तो देश बंद झाला.

आता प्रतिसरकार. १९४३ ते १९४६, तेव्हाचा सातारा जिल्हा, म्हणजे आजचा बराचसा सांगलीही त्यातच. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड. यांच्या सरकारचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. गावकरी भांडणं घेऊन न्यायदान मंडळाकडं यायचे, सावकारीला चाप बसायचा, कमी खर्चातली गांधी लग्नं लागायची, तुफान सेना पहारा द्यायची. शिक्षा कठोर असायच्या, तळपायावर पत्री मारण्याच्या गोष्टी अजून ऐकू येतात आणि त्या लपवायचं कारण नाही. पण हे सरकार चाललं ते लोक ऐकत होते म्हणून.

प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, त्यामुळं काहीजण संस्थानालाही याच माळेत ओवतात. तेही चूक. संस्थानाला इंग्रजांची मान्यता होती, आणि औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपला अधिकार राज्यघटना करून प्रजेकडं सोपवला होता.

सगळ्यात मोठा फरक हेतूचा. कॅस्लींना ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायचं होतं. प्रतिसरकारला भारतातून फुटायचं नव्हतंच, घालवायचं होतं ते इंग्रजांचं राज्य. स्वातंत्र्यानंतर नाना पाटील वेगळं राज्य मागत बसले नाहीत. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.