पाठीचा दोष डोक्यात सापडतो

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला बरेच जण 'बाळाचे ठोके बघायला' म्हणून जातात. पोटावर गार जेल पसरतं, प्रोब फिरू लागतो, आणि डॉक्टर बाळाच्या डोक्यापाशीच रेंगाळतात. त्या वेळी ते बाळाच्या पाठीचाही अंदाज घेत असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी? पण इथे धूर खरोखरच सोमेश्वरी निघतो.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटते. (म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची, पाळी चुकल्यावर सुरू केली तर बरेचदा उशीर झालेला असतो.) ती कंबरेपाशी उघडी राहिली की स्पायना बायफिडा. फट छोटी, बाळ पाठ टेकवून पडलेलं असेल तर सहज नजरेतून निसटते. पण तिच्यातून मेंदूभोवतीचं पाणी गर्भजलात झिरपत राहतं, डोक्यातला दाब उतरतो आणि लहान मेंदू, म्हणजे मेंदूचा मागचा-खालचा भाग, मानेकडे ओढला जातो. ही कियारी-२ विकृती.

१९८६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातल्या किप्रोस निकोलाइडिस, स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी तिच्या दोन खुणा 'लॅन्सेट'मध्ये मांडल्या: लिंबू आणि केळं. दाब उतरल्यामुळे कपाळाची कोवळी हाडं दोन्ही बाजूंनी आत दबतात, आणि आडव्या छेदात कवटी लिंबासारखी दिसते. आपलं कागदी लिंबू डोळ्यांसमोर आणलंत तर फसाल, ते गोल. हे टोकं निघालेलं विलायती लिंबू.

केळं जास्त भरवशाचं. निरोगी लहान मेंदू डंबेलसारखा दिसतो आणि त्याची रुंदी मोजायला सोपी: विसाव्या आठवड्याच्या आसपास जितके आठवडे, जवळपास तितके मिलिमीटर. त्याच्यामागे पाण्याची एक काळी फट असते. कियारीत ती फट बुजते आणि लहान मेंदू मेंदूच्या देठाला केळ्यासारखा वेटाळून बसतो. लिंबू कधी निरोगी बाळातही दिसतं. शिवाय चोवीस आठवड्यांनंतर डोक्यात पाणी साठून हाडं पुन्हा बाहेर ढकलली गेली की ते बहुधा नाहीसं होतं.

ओढ खरंच पाठीकडून लागते का? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत काही बाळांची पाठ २६ आठवड्यांच्या आत, गर्भाशयातच शिवली होती. वर्षाची झाल्यावर त्यांच्यातल्या ३६ टक्के बाळांमध्ये मेंदूचा मागचा भाग मानेत उतरलेला नव्हता. जन्मानंतर पाठ शिवलेल्यांमध्ये अशी बाळं होती ४ टक्के.