तीस एकर मिळाले, फॉस्फरस नाही मिळाला

"जंगलाची जमीन आहे, तिला खत कशाला घालायचं?" हे वाक्य जमिनीच्या दलालांच्या तोंडी हमखास असतं आणि ज्याने कधी कुदळ धरली नाही अशा गिऱ्हाइकाला ते पटतंही. झाडी दाट, म्हणजे माती कसदार! याच हिशेबावर विसंबून ब्रिटिश सरकारने एक अख्खी वसाहत उपासमारीच्या तोंडी दिली होती.

२६ जानेवारी १७८८ रोजी गव्हर्नर आर्थर फिलिपची अकरा जहाजं आज सिडनी आहे तिथे पोहोचली. त्यांत सातशेहून अधिक कैदी होते. शिक्षा भोगून सुटणाऱ्यांचं काय करायचं, हे लंडनने आधीच ठरवून दिलं होतं. एकट्या पुरुषाला ३० एकर, लग्न झालेलं असल्यास २० एकर वर आणि प्रत्येक मुलामागे आणखी १०. दहा वर्षं सारा माफ, सुरुवातीचं वर्षभर सरकारी शिधा, शिवाय अवजारं आणि बियाणं. कागदावर योजना फार उदार होती. उदार असायला काय जातं म्हणा, जमीन धारुग आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांची होती आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

या योजनेत प्रत्येक एकर सारखाच धरला होता. सिडनी खाडीच्या काठचा पहिला सरकारी पेरा फसला. थोडा दोष बियाण्याचा होता, लांबच्या प्रवासात ते तापलं होतं, त्याला कीड लागली होती. पण खरी अडचण जमिनीखालच्या खडकात होती. सिडनीच्या किनारपट्टीखाली हॉक्सबरी वालुकाश्म आहे, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. या खडकाची माती होते, पण तिच्यात पिकाला खायला जवळजवळ काही नसतं.

इथे फॉस्फरसची गोष्ट सुरू होते. खताच्या पोत्यावर 'स्फुरद' लिहितात तो हाच. नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेतही असतं आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते पकडून आणतात. फॉस्फरसला हवेतली वाट नाही, तो मूळचा खडकातूनच यावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा बराचसा भूभाग फार जुना आहे. अलीकडच्या काळात तिथे मोठ्या हिमनद्यांनी नवा खडक दळून दिला नाही आणि ज्वालामुखींचा ताजा लाव्हाही फारसा पसरला नाही. पावसाने कोट्यवधी वर्षं धुतलेल्या अशा मातीत जो थोडाफार फॉस्फेट, म्हणजे मुळांना घेता येणारं फॉस्फरसचं रूप, उरतो, त्याला लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं घट्ट धरून ठेवतात. माती आम्लधर्मी असेल, म्हणजे सामू (pH) साडेपाचाच्या खाली असेल, तर ही पकड आणखी आवळते. शिवाय विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकंच जाळतं. मातीत फॉस्फरस आहे, पण गव्हाच्या हाती लागत नाही, अशी अवस्था होते.

मग तिथे रान कसं उभं राहतं? बँक्सिया नावाचं झाड घ्या. त्याच्या मुळांवर जागोजागी केसांसारख्या आखूड मुळांचे दाट झुबके फुटतात. झुबक्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, पण तेवढ्यात तो भोवतालच्या मातीत सायट्रेट सोडतो. लिंबाच्या आंबटपणामागे ज्या आम्लाचा हात असतो, त्याचाच हा आयन. सायट्रेटला ऋणभाराचे तीन गट असतात. ते लोह-ॲल्युमिनियमला कवटाळतात, फॉस्फेटची जागा बळकावतात आणि मोकळा झालेला फॉस्फेट मूळ लगेच ओढून घेतं. पान गळण्याआधी झाड त्यातला बहुतेक फॉस्फरसही परत काढून घेतं, त्यामुळे खाली पडलेला पालासुद्धा निकस. मला या झाडाचं वेड आहे ते याच कंजूषपणामुळे. हे रान सुपीक मातीवर उभं नाही, ते उपाशी मातीत तग धरायला शिकलेलं आहे. गंमत अशी, की हा किनारा १७७० मध्ये डोळ्यांनी पाहून पुढे वसाहतीसाठी सुचवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स होता आणि बँक्सियाला नाव त्याचंच आहे!

आता जेम्स रूस. कॉर्नवॉलचा, सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झालेला. १७८९ मध्ये त्याने आपली मुदत संपल्याचं सांगितलं, पण मुदतीची कागदपत्रं जहाजांबरोबर आलीच नव्हती. एका माणसाला स्वतःचं पोट भरण्याजोगी शेती उभी करायला किती काळ लागतो हे फिलिपलाही पाहायचं होतं. त्याने रूसला आजच्या परामाटात जमीन दिली. तिथे खाली वालुकाश्माऐवजी शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, त्यामुळे माती जरा बरी.

रूसने काय केलं ते वॉटकिन टेंच या नौसैनिक अधिकाऱ्याने टिपून ठेवलं आहे. पाडलेली झाडं जागेवरच जाळायची, राख मातीत घालायची, मग कुदळीने खणायचं. दिवसाला आठ-नऊ रॉड, म्हणजे आपल्या हिशेबात दोन ते सव्वादोन गुंठे, जास्त नाही. ढेकळं फोडून गवत-तण गाडायचं, रान उन्हात तापू द्यायचं आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा वरखाली करायचं. गव्हाचं काड खड्ड्यात कुजवायचाही त्याचा बेत होता. सरकारी शेती नुसती ओरखडलेली, माझी नीट खणलेली, असा त्याचा टोला. या वेगाने ३० एकर एकदा खणायला ६०० दिवस लागतात, हे सनद लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावं.

कोकणातला भातशेतकरी राब भाजतो, त्यामागचं रसायन बरंचसं हेच आहे. जळताना नत्र वायू होऊन निघून जातं, पण कॅल्शियम, पालाश (पोटॅशियम) आणि झाडाने वर्षानुवर्षं साठवलेला फॉस्फरस राखेत उरतो. राखेतले कार्बोनेट सामू वर नेतात, ॲल्युमिनियम निवळून खाली बसतं आणि फॉस्फेटवरची पकड सैलावते. यात जादू नाही. हल्ली ऑनलाइन 'चमत्कारी सेंद्रिय राख' पाकिटात विकतात. ज्यांची माती आधीच चुनखडीयुक्त आणि सामू आठच्या वर आहे, त्यांनी ती घातली तर फायदा सोडाच, लोह आणि जस्ताची कमतरता वाढेल. आधी माती परीक्षण करा.

राखेचा हा साठाही एक-दोन पिकांत सरतो. पुढे शेणखत हवं, पण वसाहतीचे गाई-बैल १७८८ मध्येच रानात पळाले होते. १७९५ मध्ये ते नेपियन नदीपलीकडच्या शेलवरच्या कुरणात सापडले, वाढून कळप झालेले. माती कुठे चांगली हे गुरांना कळलं होतं.

रूसने १७९१ च्या सुरुवातीला सरकारी शिधा बंद करायला सांगितलं आणि त्याच वर्षी त्याला ३० एकरांची सनद मिळाली, वसाहतीतली पहिली. त्याच्या थडग्यावरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत 'पहिलं धान्य मी पेरलं' असा दावा आहे, तो मात्र खरा नाही, सरकारी पेरा १७८८ चाच. १७९३ मध्ये त्याने ती जमीन एका सर्जनला ४० पौंडांना विकली आणि तो हॉक्सबरी नदीकाठी गेला. तिथे पोयटा होता, वरच्या डोंगरांतून पुराने आणलेला गाळ, आणि त्यात फॉस्फरस. त्याच काठावर धारुग लोक कंद काढत. ती जागा मक्याच्या लागवडीखाली गेली आणि रक्तपात झाला.

पण गाळ आणणारा पूर फक्त गाळ आणत नाही. १८०६ च्या पुराने नदीकाठची धान्याची कोठारं आणि गंजी वाहून नेल्या आणि वसाहतीवर पुन्हा अन्नटंचाई आली. १८१० मध्ये गव्हर्नर मॅक्वॉरीने उंचावर पाच गावं आखली, शेत खाली आणि घर वर.

आज सिडनीत प्रश्न उलटा झाला आहे. बागांतलं खत आणि सांडपाणी पावसाच्या पाण्याबरोबर वालुकाश्मावरच्या राखीव रानात उतरतं. जास्तीचा फॉस्फरस बँक्सियाच्या कुळातल्या कित्येक झाडांना सोसत नाही, कारण तो घेणं थांबवायची सोयच त्यांच्याकडे फारशी नाही. पानं करपतात आणि मोकळ्या जागेत परदेशी तण माजतं. तिथल्या रोपवाटिकांत देशी झाडांसाठी कमी फॉस्फरसचं खत वेगळं ठेवलेलं असतं.