वळणावरचा कल : एज रशर कसा पारखावा?

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रवेश करू पाहणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंची चाचणी होते, आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा चालते ती एकाच आकड्याची : ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर अंतर कोणी किती सेकंदांत कापले. एज रशर या जागेवर खेळणाऱ्यांच्या बाबतीत हा आकडा फार दिशाभूल करतो असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण शाळेत शिकलेल्या वर्तुळाकार गतीत सापडते.

एज रशर बचाव फळीच्या टोकाला उभा राहतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच गाठून पाडणे, म्हणजे ‘सॅक’ मिळवणे, हे त्याचे काम. वाटेत क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा सुमारे १४० किलो वजनाचा टॅकल हात पसरून उभा असतो आणि हाताशी वेळ असतो जेमतेम अडीच-तीन सेकंदांचा. टॅकलला बाहेरून वळसा घालायचा तर पहिली काही पावले सरळ पडतात आणि नंतर लगेच आत वळावे लागते. साडेछत्तीस मीटर सरळ धावण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

वळणावर मोटारसायकलस्वार आतल्या बाजूला कलतो, तसेच एज रशरलाही कलावे लागते. किती कलायचे हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरते : कलाच्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. सेकंदाला ५ मीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे असेल, तर हे गुणोत्तर ०.८५ येते आणि शरीर उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश कलावे लागते. खेळाडूचे वजन ११२ किलो धरले, तर त्याच्या पायांनी जमिनीवर दिलेला सरासरी दाब वजनाच्या १.३ पट होतो, आणि धावताना पाय सतत जमिनीवर नसल्यामुळे प्रत्यक्ष पाऊल टेकते तेव्हा तो याहूनही जास्त असतो.

मोटारसायकलस्वाराला मात्र वळणावर कोणी ढकलत नाही. टॅकलने त्याच खेळाडूला ३०० न्यूटन बलाने बाहेर ढकलले असे मानले, तर तोल सांभाळण्यासाठी लागणारा कल सुमारे ४८ अंशांवर जातो. शिवाय हा धक्का खांद्यावर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या वर बसत असल्याने शरीर बाहेर उलथवणारे आघूर्णही, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणामही, निर्माण होतो. म्हणूनच कसलेला एज रशर आतला खांदा गुडघ्याच्या दिशेने खाली नेतो. त्यामुळे टॅकलच्या हातांना पकडायला जागा उरत नाही आणि धक्क्याची भुजा, म्हणजे धक्का बसतो ती जागा आणि गुरुत्वमध्य यांतले अंतर, लहान होऊन उलथवणारे आघूर्ण घटते. टॅकलने ऐन वेळी हात काढून घेतले, तर त्या धक्क्याच्या हिशेबाने कललेला खेळाडू स्वतःच्याच कलाने जमिनीवर कोसळतो.

इतके कलूनही तळवा जमिनीला धरून राहायचा, तर घोटा आणि खुबा तसे वळले पाहिजेत. एखाद्याचे सांधे ३० अंशांपलीकडे साथ देत नसतील, तर तेच वळण घेताना त्याला वेग सेकंदाला ४.१ मीटरपर्यंत उतरवावा लागतो आणि नुसत्या पाव वर्तुळात ०.२ सेकंद जातात. तेवढ्या वेळात चेंडू हातातून सुटलेला असतो. प्रशिक्षक ज्याला ‘बेंड’ म्हणतात, तो गुण हाच.

व्हॉन मिलर या खेळाडूने २०११ च्या चाचणीत ‘थ्री-कोन’ हा तीन शंकूंभोवती वळसे घेत धावण्याचा प्रकार ६.७० सेकंदांत पूर्ण केला होता. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, पहिल्याच सत्रात डेन्व्हरकडून खेळताना त्याने टॅकल माइक रेमर्सला मागे टाकून प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातला चेंडू हिसकावला, तो सहकारी मलिक जॅक्सनने गोलक्षेत्रात कवटाळला आणि डेन्व्हरला टचडाउन मिळाला. अडीच सॅक घेणारा मिलर सामन्याचा मानकरी ठरला. याउलट १०२ किलोचा बार ३७ वेळा उचलणारा व्हर्नॉन घोल्स्टन २००८ साली संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि व्यावसायिक कारकिर्दीत त्याला एकही सॅक मिळाला नाही. संथ धावेमुळे २००३ साली दहाव्या क्रमांकापर्यंत थांबावे लागलेल्या टेरेल सग्जने मात्र १३९ सॅक घेतले.

सॅकच्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. हंगामात साधारण ४५० वेळा चाल करून दहा सॅक मिळत असतील, तर निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे तीनच्या आसपास असतो. त्यामुळे सात सॅकवाला आणि तेरा सॅकवाला हे एकाच कुवतीचे असू शकतात. टॅकलवर अडीच सेकंदांत किती वेळा मात केली हे मोजणारा ‘विन रेट’ मला म्हणूनच अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात प्रत्येक चाल मोजली जाते.

तोल हा विषय निघाला की भोंदूपणाही मागोमाग येतो. होलोग्राम लावलेले ‘पॉवर बॅलन्स’ नावाचे मनगटी पट्टे तोल सुधारतात या दाव्यावर जगभर खपले. ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाच्या कारवाईनंतर २०१० साली या दाव्याला विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नसल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. आपल्याकडची तांब्याची कडी आणि ग्रहांच्या अंगठ्याही मला याच पंगतीतल्या वाटतात, कारण घोट्याची हालचाल व्यायामाने वाढते, मनगटावर काही बांधून वाढत नाही.

आता खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप असते आणि ती सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा नोंदवते. त्यातून वेग आणि वळणाची त्रिज्या काढता येते. टॅकलने किती बलाने ढकलले हे मात्र त्यात उमटत नाही. त्यासाठी चित्रीकरण संथ करून, टॅकलचा हात लागतो त्या क्षणी आतला खांदा किती खाली आहे आणि बाहेरचा तळवा जमिनीवर टिकून आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.