पेडल तळाला गेलं की घट्ट राहिलं? घाटात ब्रेक जाण्याचे दोन वेगळे प्रकार

चोर्ला उतरताना पिकअपचे "ब्रेक गेले" असं कुणी म्हटलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) घाला, भारी पॅड (तिला दाबून धरणारे) घाला, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) घाला. ब्रेक गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. पाय दिल्यावर पेडल मऊ होऊन तळाला टेकलं, की पेडल वरच घट्ट राहिलं आणि गाडी तशीच पुढे गेली? पहिल्या प्रकारात ब्रेक ऑइल उकळलेलं असतं, दुसऱ्यात पॅड भाजलेले असतात. कारणं वेगळी, इलाज वेगळे, आणि घाटात त्या क्षणी करायचं तेही थोडं वेगळं. हा फरक न कळल्यामुळे लोक चाळीस-पन्नास हजारांचं सामान बसवतात आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत चार वर्षांपूर्वीचं ऑइल तसंच ठेवतात.

बोलेरो कॅम्पर असो, व्ही-क्रॉस असो की हायलक्स, पुढे डिस्क आणि मागे ड्रम हे चालवणाऱ्यांना ठाऊकच आहे. त्यात वेळ घालवत नाही. सुरुवात उष्णतेपासून करू, कारण दोन्ही बिघाडांचं मूळ तेच आहे.

भरलेली 2500 किलोची गाडी 100 मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे 24.5 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली आणि त्यातला 70 टक्के वाटा पुढच्या चाकांचा धरला, तर प्रत्येकी 10 किलोच्या दोन डिस्क दर 100 मीटरला साधारण 185 अंशांनी तापतील. वारा लागतो, इंजिनही गाडी अडवतं, म्हणून प्रत्यक्षात तापमान इतकं चढत नाही. पण अनमोडला किंवा तिलारीच्या वळणांवर वरच्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवूनच उतरणारा माणूस या आकड्याच्या बराच जवळ जातो.

आता पॅड भाजण्याचं. पॅडमधला माल रेझिनने बांधलेला असतो. ठरावीक तापमानापुढे रेझिन जळू लागतं, पॅड आणि डिस्कमध्ये वायू सुटतो आणि घर्षण घसरतं. ऑइलचा दाब पूर्ण असतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) पॅडला पूर्ण ताकदीने दाबत असतो, म्हणून पेडल घट्टच लागतं. फक्त पॅड धरत नाही. जळका वास येतो, कधी चाकातून धूर दिसतो. आणखी जोर दिला तर थोडा ब्रेक मिळतो. डिस्क गार झाली की पकड बरीचशी परत येते, पण पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पूर्वीइतकी नाही.

इथे पॅड बदलणं हा खरा इलाज आहे. पॅडच्या पाठीवर एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं छापलेली असली तर ती वाचा. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरच्या घर्षणाचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. घाटासाठी दुसरं अक्षर महत्त्वाचं. पहिल्यापेक्षा दुसरं खालचं असेल तर तो पॅड घेऊ नये. नुसतं "सिरॅमिक" लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवून पैसे देऊ नयेत, तो शब्द तापल्यावरच्या पकडीची हमी देत नाही. नवे पॅड बसवले की तासाला 50-60 किलोमीटरवरून 10 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून गार होऊ द्यायचं. हे न करता नवे पॅड घेऊन थेट आंबोलीत उतरलात तर चांगले पॅडही पहिल्याच उतारात दगा देतात.

जास्त घोटाळा होतो तो ब्रेक ऑइल उकळण्यात. दिसायला तो बिघाड पाइपातल्या हवेसारखा, गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गायब, आणि म्हणूनच तो कुणाच्या हाती लागत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून, रबरी होजच्या भिंतीतून ओल आत मुरत राहते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात चार महिने पाऊस आणि धुकं असताना तर हे थांबवताच येत नाही. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांना उकळायला हवं असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. म्हणजे जुन्या डॉट 3 वर चालणारी गाडी आणि नव्या डॉट 4 वर चालणारी तीच गाडी यांच्यात 90 अंशांचा फरक आहे. एवढा फरक मोठी डिस्क घालूनही सहज मिळत नाही, आणि इथे खर्च एका लिटरच्या डब्याचा.

ऑइल उकळलं की पाइपात वाफ तयार होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात जातो, पेडल तळाला टेकतं आणि कॅलिपरपर्यंत काहीच पोचत नाही. जोर वाढवून उपयोग नाही. भराभर चार-पाच वेळा पंप केलं तर मात्र पेडल थोडं वर येऊ शकतं, कारण दर दाबाला मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला ऑइलचा पंप) आणखी ऑइल पुढे ढकलतो. हीच चालत्या गाडीतली ओळख: पंप करून पेडल वर आलं तर ऑइल, पंप करून काही फरक नाही आणि पेडल मुळातच घट्ट, तर पॅड.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ऑइल बऱ्याचदा उतारावर उकळत नाही, गाडी थांबल्यावर उकळतं. चालत्या गाडीत डिस्कला वारा लागत असतो. घाट उतरून चहाला थांबलात की वारा बंद होतो, तापलेल्या डिस्क आणि पॅडची उष्णता कॅलिपरच्या पिस्टनमधून त्याच्या मागे असलेल्या ऑइलमध्ये शिरते. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू केली की पहिलंच पेडल खाली जातं. म्हणून तीव्र उतारानंतर लगेच थांबू नये, सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता चालवावं. थांबलात तर निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघावं. लालबुंद डिस्कवर पेडल दाबून उभं राहणंही टाळावं, पॅडचा माल एका जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं. दुसऱ्या दिवशी मेस्त्री पेडल दाबून बघतो, पेडल ठीक, "काही नाही, जरा हवा होती" म्हणतो. पाणी तिथेच असतं. पुढच्या घाटात तेच होणार. ऑइलच्या रंगावरून निर्णय देणारेही बरेच आहेत. काळं पडलेलं ऑइल बदलावं हे खरं, पण स्वच्छ पिवळ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. दोन वर्षांनी बदलायचा सर्वसाधारण नियम घाट न चढणाऱ्यांसाठी पुरेसा आहे. खानापूर-चंदगडकडून कोकणात-गोव्यात नेहमी उतरणाऱ्या गाडीचं ऑइल दर वर्षी पाऊस संपल्यावर बदलावं, आणि सीलबंद छोटा डबाच घ्यावा. दुकानात महिनाभर उघडा पडलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

बदलायची पद्धत सोपी आहे. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरा. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात: आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं; कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. चाकाजवळच्या ऑइल काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडालेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने रिंग पान्याने निप्पल सैल करून परत बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. नवं स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवा, एक लिटर पुरतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल पूर्ण तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या भागावर रबर गेलं की ते फाटतं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर गाडीचा रंग उडतो.

डॉट 5 हे 5.1 नव्हे. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, तुमच्या पिकअपला नको.

या दोघांसारखे दिसणारे काही बिघाड गार गाडीतही राहतात, आणि तीच त्यांची खूण. गार असतानाही पेडल मऊ असेल तर हवा किंवा गळती. पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. गार असतानाही पेडल लाकडासारखं असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही: इंजिन बंद करून पाच वेळा पेडल दाबा, दाबून धरून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करणाऱ्यांना दोन-तीन दाबांनंतर हाच प्रकार भोगावा लागतो. एक अपवाद गरम गाडीतला: मागचा ड्रम तापून फुगला की पेडल लांब जातं पण मऊ होत नाही. खानापूरच्या जंगलातली लाल माती ड्रममध्ये बसली असेल तर ड्रम उघडून धुतल्याशिवाय मागचा ब्रेक नीट होत नाही.

ऐन उतारावर ब्रेक गेला तर दोन्ही बिघाडांत आधी खालचा गिअर. ऑइल उकळलं असेल तर पेडल पंप करा, आणि हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा. तो तारेवर चालतो, त्याला ऑइलची गरज नाही.

खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी डॉट 4 किंवा 5.1 ऑइल, मग कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस, मग पॅड, आणि त्यानंतरही घाटात भरलेली गाडी वास मारत असेल तरच मोठी डिस्क. अडकलेल्या पिनेमुळे पॅड सतत घासतो आणि एकाच चाकाचं ऑइल उकळतं. उतार संपल्यावर डाव्या-उजव्या चाकांच्या तापमानात मोठा फरक दिसला तर तिथेच बघा. जाळीचे होज उष्णतेवर काहीच करत नाहीत, फक्त पेडल थोडं कणखर लागतं. मोठ्या पिस्टनचा कॅलिपर घातला तर मास्टर सिलिंडर तोच असताना पेडल लांब जाणार, हे धरून चाला. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर कॅलिपरचं ब्रॅकेट कुणीही करून देईल, पण प्लेट कशाची आणि बोल्ट 10.9 ग्रेडचे (जादा ताकदीचे) आहेत का, हे विचारल्याशिवाय ते चाकाजवळ बसवू नका. मागे ड्रम काढून डिस्क बसवणं हा मला वायफळ खर्च वाटतो: मागचा वाटा आधीच कमी, आणि चांगला चालणारा हँडब्रेक बिघडतो.

245/70 आर 16 चे टायर काढून 265/75 आर 16 घातले की व्यास 749 वरून 804 मिलिमीटर होतो. तेवढ्याच पेडलला रस्त्यावरचा ब्रेक सुमारे 7 टक्क्यांनी कमी. उष्णता मात्र वाढते ती लोखंडी बंपर, विंच आणि टपावरच्या सामानाच्या वजनाने. हिल डिसेंटचं (उतारावर वेग आपोआप धरणारं) बटण लांब डांबरी घाटात वापरू नये, ते ब्रेकच लावून वेग धरतं. दुसरा-तिसरा गिअर वापरा. कोरड्या डांबरावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा खालचा टप्पा) घालू नका, पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये ताण अडकतो.

लिफ्ट किट घातलेल्यांनी मागच्या धुऱ्याजवळची लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडी आवर्जून बघावी. गाडी दोन इंच उचलली की धुरा आणि चासी यांच्यातलं अंतर वाढतं, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. मग सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो आणि पुढचंच ऑइल आधी उकळतं. दांडीचं ब्रॅकेट उचललेल्या उंचीइतकं सरकवून घ्या, आणि मागची चाकं लोंबकळत असताना होज ताणला जात नाही हे खाली वाकून पाहा.