पोर्टोलान नकाशे

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भूमध्य समुद्रात वापरात आलेले, हाताने काढलेले सागरी नकाशे. ‘पोर्तोलानो’ म्हणजे मुळात बंदरे, त्यांच्यामधली अंतरे आणि दिशा सांगणारी इटालियन पोथी. नकाशांना हे नाव फार नंतर मिळाले. जेनोवा, व्हेनिस आणि माजोर्का ही ते काढण्याची मुख्य केंद्रे. आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुना मानला जाणारा ‘कार्ता पिसाना’ तेराव्या शतकाच्या अखेरचा असून तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मेंढीच्या किंवा वासराच्या अख्ख्या कातड्यावर नकाशा काढत, त्यामुळे एका टोकाला जनावराच्या मानेचा निमुळता भाग तसाच दिसतो. या नकाशाला वरची बाजू अशी नसते. बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूने लिहिलेली असतात. किनारा वाचत जायचा, तसे कातडे फिरवत जायचे. पाणी मोकळे ठेवलेले असते, कारण तांडेलाचे सगळे काम तिथेच. महत्त्वाची बंदरे तांबड्या शाईने, खडकांना फुल्या, उथळ जागांना ठिपके.

समुद्रभर पसरलेले रेषांचे जाळे ३२ दिशांचे असते: मुख्य ८ वाऱ्यांच्या (तेव्हा दिशांना वाऱ्यांची नावे असत) रेषा काळ्या किंवा तपकिरी, त्यांच्या मधल्या ८ ‘अर्ध्या वाऱ्यांच्या’ हिरव्या, उरलेल्या १६ ‘पाव वाऱ्यांच्या’ तांबड्या. निघायचे आणि गाठायचे बंदर मनाने जोडून त्या वाटेला समांतर रेषा शोधायची, तिचा वारा होकायंत्रावर धरायचा आणि अंतर कर्कटकाने मोजपट्टीवर घ्यायचे. वाऱ्यामुळे वाट सोडावी लागली, तर मूळ वाटेवर परतण्याचा हिशेब ‘मार्तेलोयो’ या कोष्टकावरून करत. व्हेनिसच्या आंद्रेआ बियांकोच्या १४३६ च्या नकाशासंग्रहात ते दिलेले आहे.

सुरुवातीच्या नकाशांवर अक्षांश नाहीत, आणि सगळा भूमध्य समुद्र डावीकडे सुमारे ९ ते १० अंश कललेला आहे. त्या काळच्या चुंबकसुईच्या विचलनाशी, म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून जेवढी बाजूला वळे त्याच्याशी, हा कल जोडला जातो. सुकाणूही त्याच सुईवर चाले, म्हणून खलाशाचे त्यात काही बिघडत नसे.

१२७० मध्ये ट्यूनिसच्या स्वारीवर निघालेला फ्रान्सचा राजा नववा लुई वादळात सापडला, तेव्हा जहाज कोठे आहे हे नाविकांनी त्याला नकाशावर दाखवले. जहाजावरच्या नकाशाचा हा सर्वांत जुना उल्लेख समजतात. आरागॉनच्या (आजच्या स्पेनमधले राज्य) राजाने १३५४ मध्ये प्रत्येक गलबतावर दोन नकाशे ठेवण्याचा हुकूम काढला. असे रोजच्या वापरातले नकाशे बहुतेक खाऱ्या पाण्याने आणि हाताळणीने नष्ट झाले. टिकले ते प्रामुख्याने राजे आणि श्रीमंतांसाठी सजवलेले, आणि काहींचे नुसते तुकडे, जुन्या पुस्तकांच्या बांधणीत पुठ्ठ्याखाली सापडलेले.