अप्रत्यक्ष संशोधन खर्च आणि अमेरिकेतील 15 टक्क्यांची मर्यादा

जैववैद्यकीय संशोधनातला जो खर्च कोणत्याही एका प्रकल्पाच्या नावावर टाकता येत नाही, पण ज्यावाचून प्रयोगशाळा एक दिवसही चालत नाही, तो अप्रत्यक्ष खर्च. रोजच्या बोलण्यात ‘ओव्हरहेड’. संशोधकांचे पगार, रसायने, प्रयोगाचे उंदीर हा प्रत्यक्ष खर्च. इमारत, वीज, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, रुग्णांवरील चाचण्यांना परवानगी देणारी नीतिसमिती, हिशेबनीस हे सगळे अप्रत्यक्ष.

उणे 80 अंश सेल्सियसचा एक फ्रीझर घ्या. त्यात दहा संशोधकांनी वर्षानुवर्षे जमवलेले रक्ताचे आणि गाठींचे नमुने असतात. त्याची वीज, वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर, रात्री दोनला अलार्म वाजला की धावत येणारा तंत्रज्ञ, यांचा खर्च दहांपैकी कोणाच्या प्रकल्पात धरायचा? एका रात्रीत नमुने वितळले, तर ते देणाऱ्या रुग्णांकडे पुन्हा जाता येत नाही. त्यातले काही तोवर हयातही नसतात. अशा कामांना ‘वरखर्च’ म्हणून मोडीत काढणे मुळातच चुकीचे आहे.

अमेरिकेत सरकारी अनुदानासोबत मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाचा दर प्रत्येक विद्यापीठ संघराज्य सरकारशी वाटाघाटी करून ठरवते. या दराबद्दल गैरसमज फार आहेत. 60 टक्के दर म्हणजे अनुदानातले 60 टक्के नव्हेत. प्रत्यक्ष खर्चाच्या 100 डॉलरवर 60 डॉलर मिळतात, म्हणजे एकूण 160 मधला वाटा 37.5 टक्के. शिवाय महागडी उपकरणे आणि विद्यार्थ्यांचे शुल्क या हिशेबातून आधीच वगळलेले असते.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. जैववैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी अमेरिकी सरकारची राष्ट्रीय आरोग्य संस्था (एनआयएच) 1950च्या दशकात आधी 8 आणि मग 15 टक्केच देत असे. 1960च्या दशकात ही मर्यादा उठली. 1991 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हिशेबात एका नौकेचा घसारा संशोधनाच्या खात्यावर लावल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ उठला. त्यानंतर प्रशासकीय खर्चावर 26 टक्क्यांची मर्यादा आली. ती योग्यच होती. इमारती आणि सुविधांचा भाग मात्र खरोखर होणाऱ्या खर्चानुसारच ठरत राहिला.

7 फेब्रुवारी 2025 रोजी, शुक्रवारी, एनआयएचने जाहीर केले की सोमवारपासून सर्वांना सरसकट 15 टक्केच मिळतील, चालू अनुदानांनाही. तोवर सरासरी दर 27-28 टक्के होता. हार्वर्डचा 69, जॉन्स हॉपकिन्सचा 63.7. संस्थेच्याच आकड्यांनुसार 2023 या आर्थिक वर्षातल्या सुमारे 35 अब्ज डॉलरपैकी 9 अब्ज अप्रत्यक्ष खर्चावर गेले होते. कपातीतून वर्षाला 4 अब्जांहून अधिक वाचतील, असा दावा होता. खासगी प्रतिष्ठाने 10-15 टक्केच देतात, मग सरकारने जास्त का द्यावे, हा त्यामागचा युक्तिवाद. पण प्रतिष्ठानांचे पैसे सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांतच खर्च होतात, आणि त्यांतली अनेक प्रतिष्ठाने सरकार अप्रत्यक्ष मानते ते खर्च प्रत्यक्ष म्हणून मंजूर करतात. त्यामुळे ही तुलना टिकत नाही.

संस्थांच्या हाती उरला होता एक शनिवार-रविवार. 60 टक्के दराच्या संस्थेला दर 100 डॉलरमागे 45 डॉलर कमी मिळणार होते, आणि तेही आधीच बांधलेल्या, कर्जाचे हप्ते चालू असलेल्या इमारतींच्या खर्चातले. मोठी गंगाजळी असलेली विद्यापीठे काही काळ तग धरतील. सार्वजनिक विद्यापीठे आणि लहान वैद्यकीय महाविद्यालये कशाच्या जोरावर धरणार? अमेरिकी प्रयोगशाळांत मराठी मुले-मुलीही पीएचडी आणि पोस्टडॉक करतात. नवी भरती थांबते तेव्हा त्यांच्याही जागा जातात.

10 फेब्रुवारीलाच 22 राज्यांनी दावा दाखल केला. मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायाधीश अँजेल केली यांनी त्याच दिवशी तात्पुरती, मार्चमध्ये देशभरासाठी आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई दिली. जानेवारी 2026 मध्ये अपिलीय न्यायालयानेही ती उचलून धरली. निकालाचा मुख्य आधार काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, एक तरतूद होता. 2017 मध्ये 10 टक्क्यांच्या मर्यादेचा प्रस्ताव आला, तेव्हा एनआयएचला हे दर असे बदलण्यास मनाई करणारे कलम काँग्रेसने खर्चाच्या कायद्यात घातले. ते कलम खर्चाच्या प्रत्येक नव्या कायद्यात पुन्हा घालावे लागते.